घाईतलं पाणी आणि तापलेलं इंजिन

गाडी वरचेवर तापते म्हणून तिचा थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. पाण्याच्या वाटेतला अडथळा गेला की पाणी मोकळं फिरेल आणि इंजिन थंड राहील, असा त्यामागचा हिशेब. पण कधीकधी गाडी पूर्वीपेक्षाही जास्त तापू लागते. मग त्याचं कारण असं सांगितलं जातं : पाणी आता फार जोरात पळतंय. रेडिएटरमध्ये ते टिकतच नाही, तर थंड व्हायला त्याला वेळ कधी मिळणार?

हे कारण ऐकताक्षणी पटतं. चहा बशीत ओतून जरा थांबलं तर निवतो, लगेच तोंडाला लावला तर जीभ भाजते. निवायला वेळ लागतो हा आपला रोजचाच अनुभव. त्यामुळे ही समजूत केवळ गॅरेजपुरती नाही. जास्त ताकदीची इंजिनं बांधण्याचा छंद असणाऱ्या मंडळींतही ती जगभर आढळते. पाणी हळू फिरावं म्हणून पंपाची पुली बदलणं, पाण्याच्या वाटेत भोकाची चकती बसवणं असे उपायही केले जातात.

समजूत मात्र चुकीची आहे. ती का चुकीची आहे हे शोधू लागलो की उष्णता आणि तापमान यांतला फरक, विशिष्ट उष्मा, वहन, अभिसरण, दाब आणि उत्कलनबिंदू असे पाठ्यपुस्तकातले बरेच धडे एका इंजिनाभोवती गोळा होतात. म्हणूनच हा विषय आपण इथे घेतला आहे.

उष्णता येते किती?

पेट्रोल जळताना सिलिंडरमधल्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. पिस्टन आणि सिलिंडरचं डोकं बहुधा अ‍ॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूचं असतं आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं. म्हणजे सतत उष्णता काढून घेतली नाही, तर इंजिन स्वतःच्याच आगीत खराब होईल.

पेट्रोलमधून मिळणाऱ्या ऊर्जेचे ढोबळ मानानं तीन वाटे होतात. एक वाटा चाकं फिरवायला मिळतो, एक धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला धातूत शिरतो. या तिसऱ्या वाट्यातला मोठा भाग पाण्याला उचलावा लागतो, थोडा तेल उचलतं. इंजिनाच्या आकारानुसार आणि वेगानुसार हे वाटे कमीजास्त होतात, पण एक गोष्ट लक्षात ठेवायला सोपी आहे : इंजिन जेवढी शक्ती चाकांना देतं, तिच्या निम्मी किंवा त्याहून जास्त उष्णता पाण्यातून बाहेर काढावी लागते.

आता एक टोकाचं उदाहरण घेऊ. २०१६ साली आलेल्या बुगाटी शिरॉन या गाडीच्या इंजिनाची ताकद १५०० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ११०० किलोवॅट. निम्म्याचा अंदाज धरला तरी पाण्याला सेकंदाला ५५० किलोज्यूल उष्णता उचलायची आहे. घरातल्या पाणी तापवायच्या रॉडची शक्ती साधारण एक किलोवॅट असते. असे साडेपाचशे रॉड एकाच वेळी पाण्यात सोडल्यासारखी ही अवस्था झाली.

या गाडीच्या इंजिनाभोवती फिरणारं पाणी ३७ लीटर आहे आणि तिचा पंप मिनिटाला ८०० लीटर पाणी ढकलू शकतो. मुलांना भागाकार करायला सांगावा. ३७ लीटर पाण्याची एक फेरी तीन सेकंदांच्या आतच पूर्ण होते! त्यातलं रेडिएटरच्या वाट्याला किती येत असेल? कदाचित एखादा सेकंद, कदाचित त्याहून कमी. 'वेळ मिळत नाही' हे खरं असतं, तर ही गाडी काही मिनिटांतच बंद पडली असती.

पाण्याचं तापमान या घाईत कितीनं बदलतं तेही काढता येतं. मिनिटाला ८०० लीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३ किलो पाणी. एक किलो पाण्याला एक अंश तापायला ४.२ किलोज्यूल लागतात. १३ गुणिले ४.२ म्हणजे सुमारे ५५. पाणी एक अंशानं तापलं की सेकंदाला ५५ किलोज्यूल उचलले गेले. आपल्याला ५५० उचलायचे आहेत, तेव्हा पाणी इंजिनातून जाताना फक्त १० अंशांनी तापतं आणि रेडिएटरमधून जाताना १० अंशांनीच निवतं. निवणं थोडं, पण निवणारं पाणी भरपूर.

वेळेचा हिशेब

आता मूळ शंकेकडे वळू. पाणी जोरात फिरलं तर रेडिएटरमध्ये थांबण्याचा वेळ कमी होतो, हे बरोबरच आहे. पण पाणी एकदाच रेडिएटरमधून जातं का? ते फेऱ्या मारतं. फेरी बंद वाटेची आहे.

समजा, एकूण पाण्यापैकी एक चतुर्थांश पाणी रेडिएटरमध्ये मावतं. कोणत्याही क्षणी पाहिलं तरी एक चतुर्थांश पाणी रेडिएटरमध्येच असणार. पाणी हळू फिरवा किंवा जोरात, हा वाटा बदलत नाही. वेग दुप्पट केला तर प्रत्येक फेरीतला रेडिएटरमधला वेळ निम्मा होतो, पण मिनिटातल्या फेऱ्या दुप्पट होतात. म्हणजे तासाभरात पाण्याच्या कोणत्याही थेंबानं रेडिएटरमध्ये घालवलेला वेळ पंधरा मिनिटं, आधीही आणि नंतरही. वेळ कमी झालेलाच नाही.

दुसरी बाजूही विसरायला नको. रेडिएटरमध्ये पाणी रेंगाळलं तर ते इंजिनातही रेंगाळणार. तिथे जास्त वेळ थांबून ते जास्त तापणार. निवायला वेळ दिला म्हणजे तापायलाही तेवढाच वेळ दिला.

मग वेगानं काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि तो गॅरेजमधल्या समजुतीच्या अगदी उलट दिशेनं पडतो.

एक साधं कोष्टक

शिरॉनसारखी अफाट गाडी बाजूला ठेवू आणि हिशेबाला सोपी अशी एक काल्पनिक जोरदार गाडी घेऊ. तिच्या इंजिनातून पाण्यात सेकंदाला १०० किलोज्यूल उष्णता शिरते. बाहेरची हवा ४० अंशांची, म्हणजे आपला उन्हाळा. रेडिएटर असा आहे की, त्यातल्या पाण्याचं सरासरी तापमान हवेपेक्षा जितके अंश जास्त, तितक्याच्या दुप्पट किलोज्यूल तो सेकंदाला हवेत सोडतो.

आता १०० किलोज्यूल बाहेर टाकायचे तर फरक ५० अंशांचा हवा. म्हणजे रेडिएटरमधलं पाणी सरासरी ९० अंशांवर असलं पाहिजे. ही सरासरी कोण ठरवतं? इंजिनाची उष्णता, रेडिएटर आणि हवा. पंप नव्हे. पंप ठरवतो ते सरासरीच्या वर किती आणि खाली किती एवढंच. पहा :

सेकंदाला अर्धा लीटर : इंजिनातून बाहेर पडताना ११४ अंश, रेडिएटरमधून परतताना ६६ अंश.
सेकंदाला १ लीटर : बाहेर पडताना १०२, परतताना ७८.
सेकंदाला २ लीटर : बाहेर पडताना ९६, परतताना ८४.
सेकंदाला ४ लीटर : बाहेर पडताना ९३, परतताना ८७.
सेकंदाला ८ लीटर : बाहेर पडताना ९१.५, परतताना ८८.५.

हे कोष्टक फळ्यावर लिहून मुलांना दोन मिनिटं नुसतं पाहू द्यावं. पहिली ओळ फार बोलकी आहे. अर्ध्या लीटरच्या वेगाला रेडिएटर पाणी ४८ अंशांनी निववतो. परतीच्या खालच्या नळीला हात लावला तर ती बरीच कोमट लागेल आणि 'रेडिएटर काय झकास काम करतोय' असं वाटेल. त्याच वेळी इंजिनाच्या तोंडाशी पाणी ११४ अंशांवर पोचलेलं आहे, म्हणजे वातावरणाच्या दाबाला ते कधीच उकळलं असतं! शेवटच्या ओळीत रेडिएटर पाणी जेमतेम ३ अंशांनी निववतो, तरी इंजिन सर्वांत थंड आहे.

गफलत होते ती इथेच. 'रेडिएटरनं पाणी किती अंश निववलं' हा तापमानाचा प्रश्न आहे. 'रेडिएटरनं सेकंदाला किती उष्णता बाहेर टाकली' हा उष्णतेचा प्रश्न आहे. पाचही ओळींत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे, १०० किलोज्यूल. बशीतल्या चहाची उपमा चुकते ती यामुळेच. बशीत चहा ठरावीक असतो आणि त्याला खालून कुणी तापवत नसतं.

बांधकामावरचं उदाहरण मुलांना पटकन कळतं. वाळूचा ढीग हलवायचा आहे. घमेली गोल फिरतायत. फेऱ्या कमी असतील तर प्रत्येक घमेलं काठोकाठ भरावं लागेल. फेऱ्या वाढल्या तर अर्ध्या भरलेल्या घमेल्यांनीही तेवढीच वाळू हलेल. घमेलं अर्धं रिकामं दिसलं म्हणून काम कमी झालं असं कुणी म्हणणार नाही.

मग पंप मोठाच का करू नये?

कोष्टकातच याचंही उत्तर आहे. १ वरून २ लीटरवर गेलो तर इंजिनाकडचं पाणी ६ अंशांनी उतरलं. २ वरून ४ वर गेलो तर ३ अंशांनी. ४ वरून ८ वर गेलो तर दीड अंशानं. दर वेळी पाणी दुप्पट, फायदा निम्मा. आणि पंप कितीही मोठा आणला तरी ९० च्या खाली उतरता येणार नाही.

खर्च मात्र उलट दिशेनं वाढतो. त्याच नळ्यांतून दुप्पट पाणी ढकलायला साधारण चौपट दाब लागतो आणि चौपट दाबानं दुप्पट पाणी म्हणजे आठपट शक्ती. ती शक्ती इंजिनाकडूनच घ्यायची. शिवाय पंप फार वेगानं फिरला तर त्याच्या पात्यांमागे दाब इतका उतरतो की तिथेच वाफेचे बुडबुडे तयार होतात. ते फुटताना पाती कुरतडली जातात आणि पंप पुरेसं पाणीही ढकलत नाही.

तरीसुद्धा वेगवान प्रवाहाचं एक महत्त्वाचं काम आहे आणि ते सरासरीत दिसत नाही. धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या आसपासचा धातू सर्वांत जास्त तापतो. तिथे पाण्याचं सरासरी तापमान ९५ असलं, तरी धातूला चिकटलेला पाण्याचा थर उकळू लागतो. बारीक बुडबुडे निघून प्रवाहाबरोबर वाहून गेले तर उलट चांगलंच, कारण वाफ होताना खूप उष्णता उचलली जाते. पण बुडबुडे साचून वाफेचा सलग पडदा तयार झाला की घात होतो. वाफ उष्णतेची मंदवाहक. खूप तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो चटकन न आटता नाचत राहतो, हे मुलांनी पाहिलेलं असतं. थेंबाखाली वाफेची गादी असते. इंजिनाच्या आत अशी गादी तयार झाली की तो ठिपका वेडावाकडा तापतो आणि धातूला तडा जातो. जोराचा प्रवाह ही गादी जमू देत नाही.

रेडिएटर : हवेशी व्यवहार

सरासरी ९० वरून खाली आणायची असेल तर रेडिएटर बदलायला हवा किंवा त्यातून जाणारी हवा वाढवायला हवी. इथे आपली गाठ हवेशी पडते आणि उष्णता वाहून नेण्यात हवा फार दुबळी आहे. एक लीटर पाणी एक अंश तापताना ४२०० ज्यूल उचलतं. एक लीटर हवा एक अंश तापताना उचलते साधारण १.२ ज्यूल. साडेतीन हजार पटींचा फरक!

शिरॉनच्या ५५० किलोवॅटचा हिशेब पुन्हा करू. रेडिएटरमधून जाताना हवा ४० अंशांनी तापते असं धरलं, तर सेकंदाला सुमारे १४ किलो हवा लागेल, म्हणजे साडेअकरा घनमीटर. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच वर्गातली सगळी हवा पंधरा सेकंदांत संपेल. याच गाडीची पूर्वसुरी असलेल्या २००५ सालच्या बुगाटी वेरॉनमध्ये पाणी, तेल, दाबलेली हवा वगैरेंसाठी एकूण दहा रेडिएटर होते, ते उगीच नव्हेत.

हवा दुबळी, म्हणून तिला स्पर्शाला जागा जास्त द्यावी लागते. कार्ल बेन्झच्या १८८६ सालच्या तीनचाकीत पाण्याची नुसती वाफ होऊन जाई आणि पुन्हा पाणी ओतावं लागे. खरी उडी घेतली विल्हेल्म मायबाखनं. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजमध्ये त्यानं मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून हवा जाई आणि नळ्यांमधल्या अरुंद फटींतून पाणी. मुलांना क्षेत्रफळ काढू द्यावं. एका नळीच्या आतला परीघ २४ मिलिमीटर. तेव्हा नळ्यांच्या लांबीतल्या प्रत्येक सेंटिमीटरला जवळजवळ दोन चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, आणि तोही सुमारे ०.३ चौरस मीटरच्या चौकटीत. गाडीत वागवायचं पाणी १८ लीटरवरून ९ लीटरवर आलं.

एक गंमत : रेडिएटर म्हणजे शब्दशः प्रारण करणारा. पण तो प्रारणानं किती उष्णता टाकतो? ९० अंशांचा काळा पृष्ठभाग ४० अंशांच्या परिसरात चौरस मीटरला सेकंदाला सुमारे ४४० ज्यूल टाकतो. रेडिएटरच्या दोन्ही बाजू धरल्या तरी पाव किलोवॅटच्या आसपास. आपल्या काल्पनिक गाडीला टाकायचे आहेत १०० किलोवॅट. सगळं काम वहन आणि अभिसरणानं होतं. नाव फसवं आहे.

नुसता पृष्ठभाग पुरत नाही, हे १९७८ साली एका नामवंत शर्यतसंघाला कळलं. ब्रॅबम संघाचा अभियंता गॉर्डन मरे यानं बीटी ४६ या गाडीत नेहमीचे रेडिएटर काढून गाडीच्या अंगावरच सपाट पत्र्यासारखे शीतक बसवायचं ठरवलं. हवेला अडवणारं तोंडच नाही, त्यामुळे गाडी हवेतून सहज जाईल, ही कल्पना. पण बारा सिलिंडरच्या इंजिनाला ते पुरेना. सपाट अंगावरून जाणाऱ्या हवेचा अंगालगतचा थर तापतो आणि तसाच सरकत राहतो. ताजी थंड हवा धातूपर्यंत पोचत नाही. शर्यतीत उतरण्याआधीच ती योजना सोडून गाडीच्या नाकाशी नेहमीचे रेडिएटर बसवावे लागले. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांना बारीक चिरा पाडून त्या वाकवलेल्या असतात, त्या हा तापलेला थर सारखा मोडण्यासाठीच.

त्याच गाडीच्या पुढच्या अवतारात इंजिनावर आडवा रेडिएटर आणि मागे मोठा पंखा होता. पंखा थंडाव्यासाठी आहे असं संघ सांगत असे. त्याचं खरं मोठं काम होतं गाडीखालची हवा ओढून गाडी रस्त्याला चिकटवणं. १७ जून १९७८ रोजी स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पची शर्यत निकी लाउडानं ती चालवून जिंकली आणि ती गाडी पुन्हा शर्यतीत धावली नाही.

रेडिएटर जाड केला तर? पहिल्या थरातून जाताना हवा ४० ची ६५ अंश झाली, तर मागच्या थरातल्या ९० अंशांच्या पाण्याला मिळणारा फरक ५० ऐवजी २५. मागचा थर निम्मंच काम करतो आणि हवेची वाटही अडवतो. म्हणून जागा असेल तर जाडीपेक्षा रुंदी वाढवलेली बरी. घाटात गाड्या का तापतात तेही आता कळेल. चढावर इंजिन पूर्ण जोर लावत असतं, पण गाडी हळू चाललेली असते. उष्णता सपाटीवरच्या वेगवान धावेइतकीच किंवा जास्त, हवा मात्र पंखा देईल तेवढीच.

कुकरची युक्ती

उरला एक मार्ग : पाणीच जास्त गरम ठेवायचं! ऐकायला विचित्र वाटेल. पण रेडिएटरचं काम पाणी आणि हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर चालतं. पाणी ९० ऐवजी ११५ अंशांवर ठेवलं तर फरक ५० ऐवजी ७५. आता दोनतृतीयांश आकाराचा रेडिएटर पुरेल. गाडी हलकी होईल, हवेचा विरोध कमी होईल.

पाणी ११५ अंशांवर उकळू नये म्हणून दाब लागतो, अगदी आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरसारखा. बाहेरच्या दाबावर आणखी एक वातावरण दाब चढवला तर पाणी सुमारे १२० अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरच्या शिट्टीसारखीच स्प्रिंगची झडप. शर्यतीच्या गाड्यांत याहूनही जास्त दाब वापरतात.

पाण्यात ग्लायकॉल मिसळल्यानं उत्कलनबिंदू थोडा वाढतो, थंड प्रदेशात पाणी गोठत नाही, आणि त्यातल्या इतर द्रव्यांमुळे गंजही रोखला जातो. पण निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा विशिष्ट उष्मा पाण्यापेक्षा कमी, सुमारे ३.५. म्हणून शर्यतीत अनेकदा गंजरोधक घातलेलं साधं पाणीच पसंत करतात. ग्लायकॉल सांडलं तर रस्ता निसरडा होतो, म्हणून अनेक शर्यतींत त्याला बंदीही असते.

इथे मुलांना एक गोष्ट बजावून सांगायलाच हवी. तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत ११० अंशांचं पाणी असेल आणि दाब एकदम सुटला, तर ते १०० अंशांवर येताना प्रत्येक लीटरमागे सुमारे १८ ग्रॅम वाफ होते. ऐकायला थोडी, पण तिचं आकारमान तीस लीटरच्या आसपास भरतं. ती वाफ उकळतं पाणी घेऊन थेट तोंडावर येते. इंजिन बंद करून ते पुरतं निवेपर्यंत थांबणं हाच उपाय.

तरी गाडी तापली, ती का?

थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी जास्त तापल्याचा अनुभव खोटा नाही. खोटं आहे ते कारण. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. इंजिन थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी आडवाटेनं इंजिनातच फिरवतो. इंजिन तापलं की रेडिएटरची वाट उघडतो आणि ती आडवाट बंद करतो. तो काढून टाकला की आडवाट कायमची उघडी राहते. बरंचसं पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत येतं. म्हणजे पाणी रेडिएटरमधून फार जोरात नव्हे, तर फार थोडं जातं!

दुसरं कारण दाबाचं. थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे इंजिनाच्या आतल्या पाण्याचा दाब थोडा जास्त राहतो आणि झडपांजवळ वाफेचा पडदा जमायला विरोध होतो. अडथळा काढला की तो आधारही जातो. भोकाची चकती बसवल्यावर एखादी गाडी सुधारते ती यामुळे. श्रेय मात्र 'हळू पाण्याला' मिळतं.

वर्गात करून पाहा

दोन मीटर लांबीची बारीक तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनिअमची नळी सैलसर वेटोळं करून टेबलफॅनसमोर बांधा. उंचावर ठेवलेल्या बादलीत ७० अंशांचं पाणी घ्या. गरम पाणी शिक्षकांनीच ओतावं. शक्य तितक्या आखूड रबरी नळीनं ते वेटोळ्यात सोडा आणि चिमट्यानं प्रवाह कमीजास्त करा. बाहेर पडणारं पाणी एक मिनिटभर मोजपात्रात धरा. बादलीतलं आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान नोंदवा.

प्रवाह आधी मिनिटाला ३० मिलिलीटर ठेवा, मग १००, मग ३००. दर वेळी बादलीतलं पाणी पुन्हा ७० अंशांवर आणा. प्रत्येक नोंदीला 'पाण्याचे ग्रॅम गुणिले उतरलेले अंश गुणिले ४.२' हा गुणाकार करा. हे झाले मिनिटाला बाहेर टाकलेले ज्यूल. प्रवाह वाढला की उतरलेले अंश कमी होत जातील आणि गुणाकार मात्र वाढत जाईल. सुरुवातीला झपाट्यानं, पुढे हळूहळू. नळीभर पाणी गरम राहिलं म्हणून तिचा पूर्ण पृष्ठभाग कामाला लागला, हे मुलांकडूनच काढून घ्यावं. मग पंख्याचा वेग वाढवून तोच प्रयोग करावा आणि फरक कशानं जास्त पडतो ते पाहावं.

प्रयोगाआधी प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहिलेला असावा. बहुतेकांचा अंदाज चुकला तर ती तासिका सार्थकी लागली असं समजायला हरकत नाही. 'हळू गेलं तर जास्त निवतं' म्हणणारं मूल एका लीटर पाण्याबद्दल बरोबरच बोलत असतं. त्याला चूक ठरवून पुढे जाण्यापेक्षा एवढंच विचारावं : एक लीटर किती निवलं हे तू सांगितलंस, आता मिनिटाला किती लीटर निवले ते सांग.